मेटल डिटेक्टरला वायरलेस हेडफोन लावताय? आवाज किती उशिरा येतो ते आधी मोजा

मेटल डिटेक्टरला ब्लूटूथ हेडफोन जोडता येतो का? येतो. डिटेक्टरच्या हेडफोनच्या भोकात एक छोटा ट्रान्समीटर खोचायचा, हेडफोन त्याच्याशी जोडून घ्यायचा, की कानात आवाज सुरू. अडचण पुढे येते. द्राक्षबागेत पडलेली अंगठी शोधायला माणूस अशी जोडणी करून निघतो, ‘टूँ’ ऐकू आला तिथे खुरपं घालतो, वीतभर खणतो आणि खाली काहीच नसतं. डिटेक्टर खोटं बोललेला नसतो. त्याने वेळेवरच सांगितलेलं असतं, ते कानापर्यंत पोचायला उशीर झालेला असतो. हेडफोनचा ब्रँड, बेस, रंग, किंमत हे सगळं या उशिरानंतर.

आधी हा आवाज तयार कसा होतो ते बघू. डिटेक्टरच्या खालच्या तबकडीला कॉइल म्हणतात. तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडलेला असतो. नेहमीच्या यंत्रांत ही वारंवारता बहुधा ५ ते २० किलोहर्ट्झच्या आसपास असते. त्यामुळे जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र शिरतं. वाटेत धातू आला की त्याच्या अंगात छोटे, गोल फिरणारे प्रवाह उठतात आणि ते स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र उलट पाठवतात. दुसरं वेटोळं ते पकडतं. परत आलेला हा सिग्नल मूळ सिग्नलच्या किती मागे पडला, यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं आणि त्याला स्वर देतं. बहुतेक यंत्रांत लोखंडाला खालचा, घोगरा स्वर असतो आणि चांदी-तांब्याला वरचा. सोन्याची अंगठी मध्येच कुठेतरी बसते, आणि दुर्दैवाने औषधाच्या गोळ्यांची चंदेरी पट्टीही त्याच पट्ट्यात बसते.

आता नाशिकची जमीन. आपण दख्खनच्या लाव्ह्यावर राहतो. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम, त्यावर काळी माती, आणि हे सगळं त्याच बेसाल्टपासून झालेलं. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट नावाचं चुंबकाला ओढलं जाणारं लोहखनिज असतं. पटत नसेल तर नदीकाठच्या वाळूतून किंवा शेतातल्या कोरड्या मातीतून लोहचुंबक फिरवा, त्याला काळ्या कणांची मिशी फुटेल. डिटेक्टरच्या दृष्टीने ही जमीन गप्प नसते, ती सतत काहीबाही पुटपुटत असते. ग्राउंड बॅलन्स करून यंत्राला ‘हा जमिनीचा आवाज, हा सोडून दे’ असं शिकवता येतं, पण पुटपुट पूर्ण थांबत नाही. एखादा लोहयुक्त दगड अस्सल धातूसारखा बोलूनही जातो. खोलवरचा किंवा आडव्याऐवजी उभा पडलेला छोटा धातू अशा गोंगाटात नुसतं ‘टक्’ करतो, तेही कधी एकाच दिशेने कॉइल फिरवताना. यंत्राच्या छोट्या स्पीकरवर, वाऱ्यात, शेजारच्या वावरात ट्रॅक्टर चालू असताना हे ‘टक्’ ऐकू येत नाही. पडद्यावरच्या आकड्यांपेक्षा इथे कानावर भिस्त जास्त, म्हणून हेडफोन.

शिवाय हेडफोन लावला की यंत्राचा स्पीकर बंद होतो, त्यामुळे बॅटरीही थोडी जास्त टिकते आणि बांधावर बघ्यांची गर्दी जमत नाही. दुसरा फायदा मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

तारेचा हेडफोन हे काम उत्तम करतो. पण वाकताना, बसताना, खणताना तार खुरप्यात अडकते, द्राक्षाच्या काडीत गुंतते आणि झटके खाऊन पिनेपाशी तुटते. म्हणून लोक वायरलेसकडे वळतात, आणि घरात पडलेले, गाणी ऐकायचेच ब्लूटूथ इअरबड वापरून बघतात.

ब्लूटूथला उशीर का होतो? आवाज आधी आकड्यांत बदलावा लागतो. मग तो दाबून लहान करायचा, कारण पूर्ण आकाराचा आवाज पाठवायला जागा पुरत नाही. मग त्याचे तुकडे करून २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर एकेक पाठवायचे. ब्लूटूथ २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमधल्या ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत जातं. वाटेत एखादा तुकडा हरवला तर तो परत मागवावा लागतो. परत मागवलेला तुकडा येईपर्यंत गाणं तुटू नये म्हणून हेडफोन थोडा साठा आधीच करून ठेवतो. नळाला पाणी कधी जोरात येतं, कधी थेंबथेंब, कधी येतच नाही. तरी गच्चीवर टाकी असली की घरातली धार सारखीच राहते. हेडफोनमधला हा साठा म्हणजे तशीच टाकी. फरक एवढाच की टाकीतून बाहेर पडणारा प्रत्येक थेंब मघाशी भरलेला, शिळा असतो. उशिरातला मोठा वाटा या साठ्याचाच. आवाज दाबायच्या साध्या एसबीसी पद्धतीने चालणाऱ्या हेडफोनमध्ये सगळं मिळून दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद सहज जातात.

गाणी ऐकताना हे कळत नाही, कारण अख्खं गाणंच पाव सेकंद मागे सरकतं आणि मागे सरकलेलं गाणंही गाणंच राहतं. सिनेमा बघताना फोन चलाखी करतो, चित्रही तेवढंच थांबवून ठेवतो. डिटेक्टरच्या बाबतीत चित्राच्या जागी तुमचा स्वतःचा हात असतो. तो कोण थांबवणार?

हिशेब सोपा आहे. सवयीचा माणूस कॉइल साधारण सेकंदाला एक मीटर या वेगाने फिरवतो. २०० मिलिसेकंद उशीर म्हणजे ०.२ सेकंद, तेवढ्यात कॉइल २० सेंटीमीटर पुढे गेली. ४० मिलिसेकंदांत ती ४ सेंटीमीटर जाते, १७ मिलिसेकंदांत पावणेदोन. चार सेंटीमीटर म्हणजे कॉइलच्या आतच, त्याने काही बिघडत नाही. वीस सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ अख्खी कॉइल.

यावर दोन उपाय लगेच सुचतात. पहिला: डावीकडून उजवीकडे जाताना आवाज उजवीकडे सरकतो, परत येताना डावीकडे सरकतो, मग दोन्ही जागांचा मध्य काढायचा. मोकळ्या माळावर एकटंच नाणं असेल तर हे चालतं. पण द्राक्षबागेत तारेचे तुकडे, जुने खिळे, पत्र्याचे काप सगळीकडे पडलेले असतात. समजा अंगठीपासून वीतभर अंतरावर तारेचा तुकडा आहे. उशीर वीस सेंटीमीटरचा असेल, तर अंगठीचा गोड स्वर कानात येतो तेव्हा कॉइल बरोबर तारेवर असते. तुम्ही तार उकरून काढता, ‘हीच होती तर’ म्हणता आणि अंगठी सोडून पुढे जाता. परत येताना गोंधळ आणखी वाढतो, कारण त्या बाजूने स्वरांचा क्रमही उलटा आणि सरकणंही उलटं.

दुसरा उपाय: हळू फिरवा. सेकंदाला २० सेंटीमीटर वेग ठेवला तर चूक ४ सेंटीमीटरवर येते, हे गणित बरोबर आहे. अडचण यंत्राच्या स्वभावाची. बहुतेक डिटेक्टर शोधताना फक्त बदल ऐकतात. जमिनीचा सिग्नल हळूहळू बदलतो, धातूचा पटकन, आणि याच फरकावर यंत्र जमिनीला बाजूला काढतं. कॉइल फार हळू नेली तर धातूचा सिग्नलही हळू बदलतो, आणि यंत्र त्याला जमीन समजून गाळून टाकतं. आपल्या लोहयुक्त मातीत पहिला बळी खोलवरच्या क्षीण सिग्नलचा जातो. नेमकी जागा धरायचं पिनपॉइंटचं बटण दाबलं की मात्र कॉइल स्थिर धरली तरी आवाज राहतो. तिथे सावकाश जाता येतं आणि तिथे उशिराने फारसं नडत नाही. म्हणजे उशिराचा त्रास शोधताना होतो, शोधलेलं धरताना कमी. ज्यांच्याकडे पिनपॉइंट आहे आणि मोकळ्या जागेत काम आहे, त्यांचं साध्या ब्लूटूथवरही निभावतं.

बाकीच्यांनी काय घ्यावं? डिटेक्टर बनवणाऱ्या कंपन्यांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. मिनलॅबची वाय-स्ट्रीम आणि गॅरेटची झी-लिंक या त्यांच्या स्वतःच्या २.४ गिगाहर्ट्झ पद्धती आहेत, दोन्हींचा उशीर कंपन्या साधारण १७ मिलिसेकंद सांगतात. एक्सपी कंपनीच्या डीयूसमध्ये तर कॉइल, रिमोट आणि हेडफोन एकमेकांशी रेडिओनेच बोलतात. या पद्धतींत साठा अगदी छोटा ठेवलेला असतो. एखादा तुकडा हरवला तर हरवू दे, पण उशीर नको, असा हा सौदा. गाण्यात अशी खरखर कोणी सहन करणार नाही, इथे कोणाच्या लक्षातही येत नाही.

ब्लूटूथमध्येच राहायचं असेल तर ॲप्टएक्स लो लेटन्सी (लो लेटन्सी म्हणजे कमी उशीर) नावाची पद्धत आहे. तिचा उशीर साधारण ४० मिलिसेकंद. मिनलॅबच्या इक्विनॉक्स ८०० बरोबर याच पद्धतीचा हेडफोन येत असे. तिच्यानंतरची ॲप्टएक्स ॲडॅप्टिव्ह ५० ते ८० मिलिसेकंदांत असते, काम चालतं. २०२० साली जाहीर झालेलं ब्लूटूथ एलई ऑडिओ आणि त्यातली एलसी३ पद्धत कमी उशिराच्याच दिशेने आहे.

यातली मेख अशी की पद्धत दोन्ही टोकांना हवी, ट्रान्समीटरमध्येही आणि हेडफोनमध्येही. खोक्यावर लो लेटन्सी लिहिलेला ट्रान्समीटर घेतला आणि कानात साधे इअरबड असले, तर दोघं मुकाट्याने एसबीसीवर उतरतात. कुठलाही दिवा लाल होत नाही, कुठलीही सूचना येत नाही. एमजी रोडवरच्या दुकानात ‘गेम मोड आहे साहेब, उशीर शून्य’ असं छातीठोक सांगतात. गेम मोड खरा असतो, पण बऱ्याचदा तो फोनवरच्या ॲपमधून चालू करायचा असतो, आणि डिटेक्टरवर ॲप कुठलं? ‘ब्लूटूथ ५.३’ हा आकडासुद्धा उशिराबद्दल काहीच सांगत नाही. तो ब्लूटूथच्या आवृत्तीचा आकडा आहे.

उशिराइतकाच वैताग देणारी आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. अनेक ब्लूटूथ हेडफोन आणि ट्रान्समीटर शांतता ऐकली की बॅटरी वाचवायला आवाजाचा मार्ग बंद करतात. पुन्हा आवाज आला की मार्ग उघडतो, पण त्यात पहिला तुकडा गिळला जातो. गाण्याची सुरुवात किंचित कापली गेली तर काय मोठंसं? पण डिटेक्टरचं ‘टक्’ एवढुसंच असतं, ते सगळंच्या सगळं त्या पहिल्या तुकड्यात जातं. म्हणजे ढोबळ धातू ऐकू येतात आणि ज्याच्यासाठी हेडफोन लावला ते क्षीण आवाज नेमके गायब. यावरचा उपाय यंत्रातच आहे. थ्रेशोल्ड म्हणून एक नियंत्रण असतं, त्याने कानात डासाच्या गुणगुणीसारखा बारीक अखंड सूर ठेवता येतो. तो सूर चालू असला की हेडफोनला डुलकी लागत नाही. शिवाय तो सूर किंचित डगमगला तरी कान टवकारतात, त्यामुळे जुने लोक तसाही तो ठेवतातच. ज्या डिटेक्टरला थ्रेशोल्ड नाही, त्याला असा झोपाळू हेडफोन लावू नये.

आता मोजायचं कसं? एक प्लास्टिकचं स्टूल किंवा लाकडी फळी घ्या. गच्चीवर करू नका, स्लॅबच्या सळया यंत्राला वेड लावतील. अंगणात किंवा शेतात करा. जमिनीवर कॉइल फिरवून आधी तिथे काही नाही याची खात्री करा, मग फळीच्या मधोमध पाच रुपयांचं नाणं ठेवा. आधी तारेचा हेडफोन लावा. नेहमीच्या वेगाने कॉइल डावीकडून उजवीकडे न्या, आवाज येईल तेव्हा कॉइलचा मध्य जिथे असेल तिथे दुसऱ्या कोणाला तरी खडूने खूण करायला सांगा. मग उजवीकडून डावीकडे. दोन खुणांमधलं अंतर मोजा आणि त्याचं निम्मं करा. आता वायरलेस लावून, तोच वेग ठेवून पुन्हा तसंच. तारेवरही थोडं अंतर निघेल, कारण डिटेक्टरला स्वतःलाही विचार करायला वेळ लागतो, आणि खूण करणाऱ्याचा हातही क्षणभर मागे असतो. दोन निम्म्यांमधली वाढ हा वायरलेसचा हिशेब. वेग सेकंदाला एक मीटर असेल तर वाढलेला प्रत्येक सेंटीमीटर म्हणजे १० मिलिसेकंद. वाढ पाच-सहा सेंटीमीटरच्या आत असेल तर खुशाल वापरा. हात भरभर चालवायची सवय असेल तर मोजतानाही तसाच चालवा, उगाच शहाण्यासारखा हळू नको.

‘ब्लूटूथच्या लहरींनी डिटेक्टर बिघडत नाही का?’ असं विचारतात. १० किलोहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ यांच्यात २ लाख ४० हजार पटींचं अंतर आहे, डिटेक्टरला त्या लहरी सहसा दिसतच नाहीत. त्रास देतात त्या भलत्याच गोष्टी. ट्रान्समीटर पॉवर बँकेवर लावून काम करू नका; पॉवर बँकेत व्होल्टेज चढवणारं सर्किट किलोहर्ट्झमध्येच कडकड करतं, आणि ती कडकड डिटेक्टरला ऐकू जाते. हेडफोन गळ्यात टाकून खाली वाकलात की त्यातले चुंबक आणि पोलादी पट्टी कॉइलवर येतात, यंत्र बोंब मारतं. खिशातला फोनही तसाच. ट्रान्समीटर दांड्याच्या वरच्या भागाला, हेडफोनसमोर राहील असा लावावा. पँटच्या मागच्या खिशात ठेवला तर मध्ये तुमचं शरीर येतं, शरीरात पाणी फार, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं.

शेतात खरा शत्रू विजेचा. एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडून निघालेल्या मोठ्या लाइनी ज्यांच्या वावरावरून जातात, त्यांनी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, खाली आणल्याशिवाय आवाज स्थिर होत नाही. विहिरीवरचा पंप चालू असेल तर तोही बोलतो. शेतीची वीज पाळीने येते, तेव्हा तुमच्या फीडरची पाळी नसेल ती वेळ धरा. एरवी वैताग देणारी ही पाळी इथे उपयोगी पडते. द्राक्षबागेत मांडवाच्या लोखंडी अँगलच्या बुडाशी मोठी कॉइल काम करूच शकत नाही, तिथे छोटी कॉइल हवी. डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) किंवा विरळणी करताना ओल्या हातातून निसटलेली अंगठी बहुधा ओळीतच, वेलाखाली पडते, त्यामुळे अँगलपासून पळून चालत नाही.

हेडफोन निवडताना बाकीच्या गोष्टी थोडक्यात. डिटेक्टरचे स्वर काही शे ते एक-दोन हजार हर्ट्झमध्येच असतात, त्यामुळे ‘हाय-रेझ’ वगैरे अक्षरांना पैसे मोजू नका. बाहेरचा आवाज मारणारी नॉइज कॅन्सलिंगची सोय बंद ठेवा. वारा तिच्या मायक्रोफोनवर आपटला की कानात घरघर होते. डिटेक्टरचं भोक ६.३५ मिलिमीटरचं आहे की ३.५ चं, आणि मोनो आहे का, ते आधी बघा. मोनो भोकात स्टिरिओ पिन घातली तर आवाज एकाच कानात येऊ शकतो. योग्य ॲडॅप्टरने ते सुटतं.

आवाजाची वरची मर्यादा मात्र आधी बांधून घ्या. क्षीण ‘टक्’ ऐकायला आवाज चढवलेला असतो, आणि तेवढ्यात कॉइल गाडलेल्या पाइपावर जाते. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा धरतात, आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. काही डिटेक्टरमध्ये जोरदार आवाज कापणारं नियंत्रण असतं.

आणि दोन्ही कान बंद करून उसाच्या कडेला फिरू नका. निफाड-सिन्नरकडे बिबट्या काही दंतकथा नाही, घोणस तर इशारा देताना स्वतःच शिट्टी घालते आणि ती तुम्हाला ऐकू यायला हवी. एक कान उघडा ठेवा, किंवा हाडातून आवाज पोचवणारा, कान मोकळे सोडणारा हेडफोन वापरा. उशिराची परीक्षा त्यालाही तीच.

पाण्यात वायरलेसचा विषयच संपतो. गंगापूर धरणाच्या कडेला गुडघाभर पाण्यात कॉइल बुडवून शोधता येतं, तोवर ट्रान्समीटर वर आहे आणि काम चालू आहे. ट्रान्समीटर पाण्याखाली गेला की २.४ गिगाहर्ट्झची लहर काही सेंटीमीटरमध्ये विरते. हेडफोनवर आयपीएक्स७ लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल एवढाच. तिथे ऐकू येईल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. पाण्यासाठी तारेचा, पाण्यात चालणारा हेडफोनच घ्यावा.

कुठे शोधायचं, हे हेडफोनच्या आधी ठरवायला हवं. स्वतःचं वावर, किंवा मालकाने हो म्हटलेलं वावर. पांडवलेणी, सिन्नरचं गोंदेश्वर, अंकाई-टंकाई ही संरक्षित स्मारकं. तिथे खणणं १९५८ च्या कायद्याने बंद आहे. स्वतःच्या शेतातही १८७८ चा भूमिगत निधीचा कायदा लागू होतो: जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये ही रक्कम त्या काळाची, म्हणजे आज जवळपास सगळंच त्यात आलं. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखालीही येतात.

आपल्या भागात ही नुसती कागदी शक्यता नाही. नाशिकजवळच्या जोगलटेंभीला १९०६ साली १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव झाला आणि त्याचंच चलन सातवाहनांनी फिरवलं, हे त्या ठशांवरून कळलं. ते कळलं कारण वरच्या ठशाखाली नहपानाचा चेहरा आणि अक्षरं अजून वाचता येत होती. म्हणून कानात वरचा, स्वच्छ स्वर आला आणि मातीतून जुनं नाणं निघालं, तर ते चिंच, रांगोळी, टूथपेस्ट असल्या कशानेही घासू नका. माती लागलेलंच कागदात गुंडाळा, कुठे आणि किती खोल मिळालं ते लिहा आणि तलाठ्यामार्फत किंवा थेट जिल्हाधिकारी कार्यालयात कळवा. नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीलाच आहे, तिथलं संग्रहालय एकदा बघून आलात तर मातीतलं जुनं नाणं दिसतं कसं याची नजरही येईल.